विद्यापीठाचे संकेतस्थळ: साचा एक, पण पानाची जबाबदारी कोणाची?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या संकेतस्थळांविषयीची पत्रे बरीच होती, आणि त्यांतील बहुसंख्य नाशिक परिसरातून आलेली होती. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) या दोन्ही राज्यव्यापी विद्यापीठांची मुख्यालये नाशिकला आहेत. शिवाय शहरात आणि तालुक्यांत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये आहेत. प्रवेश, शुल्क, परीक्षा आणि निकाल यांसाठी विद्यार्थी आता खिडकीपुढे रांग लावण्याआधी मोबाइल उघडतो, त्यामुळे हा विषय केवळ संगणक विभागापुरता राहिलेला नाही. पत्रलेखकांच्या संस्थांची नावे येथे वगळली आहेत आणि उत्तरे कोणत्याही एका संस्थेला उद्देशून नाहीत.

प्रश्न: मी एका विद्यापीठाच्या संगणक विभागात काम करतो. आमच्या संकेतस्थळावर प्रत्येक विभागाने आपापल्या सोयीने पाने तयार केली आहेत. कुठे मेनू डावीकडे, कुठे वर. कुठे मराठी, कुठे इंग्रजी. काही पानांवर सेवानिवृत्त विभागप्रमुखांचे छायाचित्र अजून आहे. कुलसचिव कार्यालयाने एकसमान मानके आणि पानांचे साचे (टेम्प्लेट) तयार करण्यास सांगितले. मी नियमांची सविस्तर पुस्तिका तयार करून परिपत्रकासोबत सर्व विभागांना पाठवली, पण पानांत काहीच फरक पडला नाही. आता सुरुवात कोठून करावी?
— वेब समन्वयक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: पुस्तिका वाया गेली असे समजू नका, कारण ती लिहिताना नियम आपल्याला स्वतःला स्पष्ट झाले असतील. परंतु ज्या लिपिकाला कार्यालय सुटण्याच्या वेळी, साहेबांची सही झाल्या झाल्या, परिपत्रक संकेतस्थळावर चढवायचे आहे, तो त्या घटकेला पुस्तिका उघडणार नाही आणि त्याने ती उघडावी अशी अपेक्षाही धरू नये. माझे मत ठाम आहे: नियम साच्यातच बसवले पाहिजेत. विभागांनी मनाला येतील ते रंग वापरू नयेत असे वाटत असेल, तर रंग निवडण्याची सोयच साच्यात असू नये. प्रत्येक सूचनेवर दिनांक हवा असेल, तर दिनांक भरल्याशिवाय सूचना प्रसिद्धच होता कामा नये. पुस्तिका राहू द्यावी, पण तिच्यात केवळ साच्याला न समजणाऱ्या गोष्टी असाव्यात: मथळा कसा लिहावा, विद्यार्थ्याला कसे संबोधावे, कोणता मजकूर कोणाच्या मंजुरीने जावा.

सूचनेचेच उदाहरण घेऊ, कारण विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सर्वाधिक ये-जा सूचनांचीच असते. बहुतेक ठिकाणी रीत अशी असते की कागदावर सही-शिक्का घ्यायचा, तो स्कॅन करायचा, पीडीएफला हाताला येईल ते नाव द्यायचे, मुखपृष्ठावरच्या सरकत्या पट्टीत त्याची लिंक टाकायची आणि शेजारी लुकलुकणारे ‘नवीन’ चिकटवायचे. यात सूचना नेमकी कोणासाठी आहे, तिची मुदत केव्हा संपते आणि शंका असल्यास कोणाला विचारावे, हे फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. मोबाइलवर तर उघडूनही धड वाचता येत नाही. त्याऐवजी सूचनेच्या साच्यात ठरलेले रकाने ठेवावेत: विषय, परिपत्रक क्रमांक, दिनांक, सूचना काढणारी शाखा, कोणासाठी, अंतिम तारीख, मजकूर आणि जोडपत्र. ‘कोणासाठी’ हा रकाना ठरलेल्या यादीतूनच भरता यावा. मग बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठीची सूचना त्या अभ्यासक्रमाच्या पानावर, परीक्षेच्या पानावर आणि मुखपृष्ठावर एकाच नोंदीतून आपोआप दिसेल, आणि अंतिम तारीख उलटली की ती आपोआप जुन्या सूचनांत जाईल. गेल्या वर्षीच्या प्रवेशाची मुदत यंदाची समजून धावपळ करणारा विद्यार्थी प्रत्येक कार्यालयाने पाहिलेला असतो. ती धावपळ या एका रकान्याने थांबू शकते.

सरकती पट्टी आणि लुकलुकणारी चित्रे मात्र साच्यातून कायमची काढावीत, आणि या बाबतीत कोणाचाही आग्रह मान्य करू नये. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलणारा किंवा लुकलुकणारा मजकूर इतर मजकुरासोबत असेल, तर तो थांबवण्याची सोय वाचकाला असली पाहिजे, असे डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मानकात, म्हणजे दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या मानकात, स्पष्ट म्हटले आहे. सरकत्या पट्टीसाठी वापरला जाणारा जुना संकेतही (कोड) एचटीएमएल या पाने लिहिण्याच्या संगणकीय भाषेच्या चालू मानकाने कालबाह्य ठरवला आहे. मुद्दा केवळ नियमाचा नाही; ज्याला हळू वाचता येते, त्याच्या डोळ्यांसमोरून अंतिम तारीख सरकत निघून जाते.

आता क्रमाविषयी. साचे रेखाटण्याआधी असलेल्या पानांची मोजदाद करावी. एका तक्त्यात प्रत्येक पानाचा पत्ता, विषय, जबाबदार शाखा, शेवटच्या बदलाचा दिनांक आणि साधारण किती लोक ते पान उघडतात, एवढे लिहावे. नंतर प्रत्येक ओळीपुढे ठेवावे, दुरुस्त करावे, दुसऱ्या पानात मिळवावे की काढावे, हा निर्णय लिहावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून केलेले प्रत्येक नूतनीकरण म्हणजे जुन्याच पसाऱ्यावर नवा रंग असतो. काढण्याचा निर्णय घेताना एक दक्षता घ्यावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या १७ बाबी आहेत. त्यांतील मजकूर ‘कोणी वाचत नाही’ म्हणून हटवता येत नाही. जुने अध्यादेश, अभ्यासक्रम आणि निकालपत्रके यांचीही पदवी पडताळणीसाठी वर्षानुवर्षे गरज पडते. त्यांच्यासाठी ‘अभिलेख’ असा वेगळा साचा करावा आणि हे पान चालू माहितीचे नाही, ही सूचना त्याच्या माथ्यावरच असावी.

मोजदाद झाली की लक्षात येईल की साचे फार लागत नाहीत. विभागाचे मुखपृष्ठ, अभ्यासक्रम, अध्यापक परिचय, सूचना, निविदा, प्रपत्रे आणि साधे मजकुराचे पान, एवढ्यांत विद्यापीठाचे बहुतेक काम भागते. ‘फक्त आमच्यासाठी एक वेगळा’ अशी मागणी येईलच. ती लेखी घ्यावी, कारण विचारावे, आणि मान्य झाल्यास तिला मुदत घालावी. अभ्यासक्रमाचा साचा करताना शुल्क, पात्रता आणि कालावधी यांची नोंद एकाच ठिकाणी राहील आणि बाकीची पाने ती तेथूनच उचलतील, अशी रचना करावी. माहितीपत्रकात एक शुल्क, विभागाच्या पानावर दुसरे आणि प्रवेशाच्या पानावर तिसरे, हा विद्यार्थ्यांच्या तक्रारींचा मोठा उगम आहे, आणि कितीही चांगल्या रंगसंगतीने तो बुजत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न जबाबदारीचा आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी जबाबदार पद आणि शेवटच्या पडताळणीचा दिनांक दिसला पाहिजे. व्यक्तीचे नाव लिहू नये, पद लिहावे, म्हणजे बदली झाली तरी पान पोरके होत नाही. संकेतस्थळावर प्रवेश मात्र व्यक्तिगत खात्यानेच द्यावा. संपूर्ण विभागाचा एकच पासवर्ड टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवण्याची पद्धत तातडीने बंद करावी. मजकूर लिहिणारा, तपासणारा आणि प्रसिद्ध करणारा असे तीन अधिकार वेगळे ठेवता आले तर उत्तम. लहान विभागात किमान दोन व्यक्ती तरी असाव्यात. आणि एक गोष्ट मी आग्रहाने सुचवतो: कर्मचारी चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या, नस्त्या आणि जडवस्तू नोंदवहीसोबत त्याच्याकडे असलेल्या पानांची यादीही कार्यभार हस्तांतरणाच्या पत्रात आली पाहिजे. त्या पत्रावर दोघांच्या सह्या होतात, म्हणून आपल्या कोणत्याही परिपत्रकापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

जुने पत्ते तोडू नका. जुने पान नव्या ठिकाणी गेले, तर जुन्या पत्त्यावरून वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जाईल अशी कायमस्वरूपी व्यवस्था सर्व्हरवर करता येते आणि ती करावीच, कारण छापील माहितीपत्रके, अभ्यासकेंद्रांच्या भिंतींवरचे क्यूआर कोड आणि इतर संस्थांनी दिलेल्या लिंक आपल्याला परत बोलावता येत नाहीत. प्रवेशाच्या पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नये. पत्ता तोच ठेवून मजकूर दरवर्षी बदलावा आणि मागील वर्षाचा मजकूर अभिलेखात न्यावा.

सर्व विभाग एकदम हाती घेऊ नका. एक मोठा, सतत गजबजलेला विभाग आणि एक दुर्लक्षित विभाग घ्यावा. पाने तयार झाल्यावर सभेत पडद्यावर दाखवण्याआधी सुरगाणा, पेठ किंवा इगतपुरीकडून येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हातात त्याचाच मोबाइल देऊन त्याला शुल्क, अंतिम तारीख आणि संपर्क क्रमांक शोधायला सांगावे, आणि आपण शेजारी न बोलता उभे राहावे. तो जेथे अडेल तेथे साचा बदलावा.

प्रश्न: आमच्या विभागाने स्वतःचे आकर्षक पान तयार करून घेतले होते. आता ‘विद्यापीठाचा साचा’ म्हणून ते काढण्यास सांगितले जात आहे. सगळे विभाग सारखेच दिसू लागले तर आमची ओळख काय राहिली?
— विभागप्रमुख, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर: आपली तक्रार मला गैर वाटत नाही, पण ती साच्याच्या नेमक्या कोणत्या भागाविषयी आहे ते तपासावे. शीर्षपट्टी, मेनूचे स्थान, अक्षरठसा, रंग, मथळ्यांचा क्रम आणि तळपट्टी हे सर्व विभागांत समान असले पाहिजे, कारण प्रवेशाच्या पानावरून आपल्या विभागात आलेल्या विद्यार्थ्याला आपण त्याच विद्यापीठात आहोत याची खात्री हवी असते. बनावट प्रवेश संकेतस्थळांच्या काळात ही खात्री सुरक्षेचाही भाग आहे. मधला भाग मात्र आपला असला पाहिजे. कृषी विभागाला हंगामनिहाय सल्ला आणि प्रक्षेत्राची छायाचित्रे लागतील, ग्रंथालयाला शोधचौकट लागेल, नाट्य विभागाला प्रयोगांचे ध्वनिचित्रण लागेल. त्यासाठी साच्यात जोडता येणारे तयार खंड असावेत आणि ते कोणत्या क्रमाने ठेवायचे हे विभागाने ठरवावे. साचा करणाऱ्यांनी एवढीही मोकळीक दिली नसेल, तर आपण ती लेखी मागितली पाहिजे.

देशभरातील जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच सामाईक व्यवस्थेवर चालतात. नाशिकचे आणि शेजारच्या धुळ्याचे संकेतस्थळ शेजारी शेजारी उघडून पाहा: हाडे तीच आहेत, तरी एकीकडे त्र्यंबकेश्वर आणि गोदाघाट आहेत, दुसरीकडे त्या जिल्ह्याचे आपले स्वतःचे. विभागाची ओळख त्याच्या संशोधनातून, विद्यार्थ्यांच्या कामातून आणि अध्यापक परिचयाच्या ताज्या नोंदींतून दिसते; फिरत्या छायाचित्रांच्या पट्टीतून ती क्वचितच दिसते, आणि त्या जड छायाचित्रांमुळे कमकुवत नेटवर्कवर पान उघडतच नाही.

प्रश्न: माझी मुलगी दृष्टिहीन असून दूरशिक्षणाने पदवीचा अभ्यास करते. ती मोबाइलवर आणि संगणकावर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे वाचक-सॉफ्टवेअर वापरते. विद्यापीठाच्या इंग्रजी पानांचा मजकूर तिला ऐकू येतो, पण मराठी सूचना एकतर वाचल्याच जात नाहीत किंवा निरर्थक अक्षरे ऐकू येतात. कार्यालयात विचारले तर ‘सही असलेली प्रत हीच अधिकृत, तीच टाकावी लागते’ असे उत्तर मिळाले. यावर काही उपाय आहे का?
— एक पालक, देवळाली कॅम्प

उत्तर: उपाय आहे, तो अवघड नाही, आणि तो मागण्याचा आपल्या मुलीला पूर्ण हक्क आहे.

दोष तीन ठिकाणी असू शकतो. पहिला, स्कॅन केलेली सूचना ही केवळ छायाचित्र असते. तिच्यात अक्षरे नसतातच, त्यामुळे वाचक-सॉफ्टवेअरला वाचण्यासारखे काही सापडत नाही. दुसरा, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, नसतो. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर ‘परीक्षा’ दिसते, पण फाइलच्या आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, आणि सॉफ्टवेअर तीच वाचून दाखवते. पत्रात लिहिलेली निरर्थक अक्षरे बहुधा हीच असावीत. तपासणी सोपी आहे: पीडीएफमधील एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवावी, मराठी उमटले नाही तर फॉन्ट जुना आहे. तिसरा दोष डोळ्यांना दिसतच नाही. प्रत्येक पानाच्या संकेतात (कोडमध्ये) ते कोणत्या भाषेत आहे याची नोंद असते. पान मराठीत असून नोंद इंग्रजीची राहिली, तर वाचक-सॉफ्टवेअर इंग्रजी आवाजात मराठी वाचण्याचा प्रयत्न करते. साच्यात ही नोंद एकदा बरोबर केली की त्या साच्यावरची सर्व पाने एकाच वेळी दुरुस्त होतात. एनव्हीडीए हे मोफत वाचक-सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या आवाजांत मराठीही आहे, त्यामुळे विद्यापीठाला स्वतः तपासून पाहण्यासाठी खर्चाची सबब सांगता येणार नाही.

सही असलेल्या प्रतीचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण त्यासाठी मजकुराचा बळी देण्याचे कारण नाही. सूचनेचा संपूर्ण मजकूर पानावर युनिकोडमध्ये टंकलिखित असावा आणि सही-शिक्क्याची प्रत त्याखाली जोडपत्र म्हणून असावी. मजकूर कोणीतरी संगणकावर टंकलिखित केलेलाच असतो. तो छापून, सही घेऊन, पुन्हा स्कॅन करताना वाटेत टाकून दिला जातो. जुन्या स्कॅन प्रतींसाठी अक्षर ओळखणारी सॉफ्टवेअरे मराठीतही चालतात, परंतु त्यांचा मजकूर माणसाने तपासल्याशिवाय प्रसिद्ध करू नये, कारण तारखेतील एका अंकाची चूकही विद्यार्थ्याला महागात पडते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य असावा यासाठी शासनाने उपाय करावयाचे आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे जीआयजीडब्ल्यू, प्रथम २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय दिला. आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. आपण कुलसचिवांना अर्ज करताना कोणती पाने वाचता येत नाहीत, त्यांचे नेमके पत्ते लिहावेत आणि वरील तिन्ही दोषांपैकी कोणता आढळला तेही लिहावे. ‘संकेतस्थळ सुगम्य नाही’ एवढ्याच वाक्याचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. पानाचा पत्ता असलेला अर्ज संबंधित शाखेकडे जातो.

या निमित्ताने साचे तयार करणाऱ्यांसाठी मराठीपुरते काही सांगतो, कारण बाजारात मिळणारे तयार साचे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येतात, त्यामुळे ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे लागते. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सोय मराठी मजकुराला लावू नये, शिरोरेषा तुटते. फिकट केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे हे आपल्याकडचे लाडके रूप आहे, पण साध्या आकाराच्या अक्षरांसाठी पार्श्वभूमीशी किमान साडेचारास एक इतका फरक मानकाला अपेक्षित असताना तेथे तो जेमतेम दोनास एक एवढाच भरतो. उन्हात मोबाइल धरणाऱ्या कोणालाही ती अक्षरे दिसणार नाहीत. भाषेची नोंद मराठीची असली, तर योग्य फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरेही मराठी वळणाची उमटतात.

शोधाची अडचण आणखी बारीक आहे. ‘कर्मचाऱ्यांसाठी’ या शब्दातील ‘ऱ्या’ संगणकात दोन वेगळ्या प्रकारे टंकलिखित होतो: काही कळफलकांवर खास ‘ऱ’ वापरून, तर काहींवर साधा ‘र’ आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधयंत्रणेला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची युनिकोडची नेहमीची पद्धत (सामान्यीकरण) हा फरक मिटवत नाही. परिपत्रक क्रमांकातील देवनागरी आणि रोमन अंकांचेही तसेच आहे. विद्यार्थ्याला सूचना ‘सापडत नाही’, कार्यालय म्हणते ‘टाकलेली आहे’, आणि दोघेही खरे बोलत असतात. शोधचौकटीत ही रूपे एकच मानण्याचा नियम घालणे हे प्रोग्रामरचे छोटेसे काम आहे. ते साच्यासोबतच मागून घ्यावे.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ एका खासगी व्यावसायिकाने तयार करून दिले होते. आता त्यात बदल करायचा म्हटले की तो प्रत्येक वेळी वेगळे बिल देतो, आणि काम दुसऱ्याला द्यायचे म्हटले तर पासवर्ड देत नाही. काय करावे?
— कार्यालयीन अधीक्षक, सिन्नर

उत्तर: प्रथम डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यातील नाव, कोणाच्या नावावर नोंदलेले आहे ते पाहावे. एसी डॉट इन आणि एज्यू डॉट इन ही नावे शैक्षणिक संस्थांना अर्नेट इंडिया या केंद्र शासनाच्या संस्थेमार्फत मिळतात, आणि नोंदणीतील संपर्क संस्थेच्या अधिकृत ईमेलचा, शक्यतो प्राचार्य या पदाच्या ईमेलचा असला पाहिजे. तेथे व्यावसायिकाचा ईमेल असेल, तर तो संस्थेच्या पत्राद्वारे बदलून घेणे हे पहिले काम आहे. बाकी सर्व वाटाघाटी त्यानंतर. पुढील कार्यादेशात साचे, संकेत (कोड), डेटाबेस, छायाचित्रे आणि फॉन्टचे परवाने संस्थेच्या मालकीचे राहतील, ठरावीक काळाने पूर्ण प्रत संस्थेकडे जमा होईल आणि काम संपताना सर्व पासवर्ड हस्तांतरित केल्याशिवाय अंतिम देयक अदा होणार नाही, या अटी लिहाव्यात. लहान महाविद्यालयाने खास बनवलेल्या प्रणालीच्या मागे लागूच नये. वर्डप्रेस किंवा ड्रुपल यांसारखी मुक्त प्रणाली घेतली, तर ती जाणणारे नाशिकमध्ये अनेक मिळतात आणि एका माणसावर अवलंबून राहावे लागत नाही. मात्र तिची अद्ययावतता वेळच्या वेळी करावी लागते. सर्ट-इन या केंद्र शासनाच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हे काम कोण करणार तेही कार्यादेशात यावे.

प्रश्न: प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक आणि जन्मतारखा प्रसिद्ध करणे योग्य आहे का?
— एक प्राध्यापिका, सातपूर

उत्तर: नाही. यादीचा हेतू क्रम आणि गुण कळवण्याचा आहे, त्यासाठी अर्ज क्रमांक, नाव, प्रवर्ग आणि गुण पुरेसे असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ झाल्यानंतर तर संस्थांनी अधिकच जपले पाहिजे. यादीच्या साच्यात मोबाइल क्रमांकाचा रकानाच ठेवू नये. पीडीएफवर काळी पट्टी ओढून क्रमांक झाकला, तर पट्टीखालचा मजकूर पुष्कळदा तसाच राहतो आणि निवडून चिकटवला की दिसतो. म्हणून रकाना मूळ तक्त्यातून काढून मगच फाइल तयार करावी.

प्रश्न: २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. पर्वकाळात रस्ते बंद राहतील, परीक्षा केंद्रे बदलावी लागतील. अशा ऐन वेळच्या सूचना संकेतस्थळावर कशा द्याव्यात, याचा साचा आधी करून ठेवता येईल का?
— परीक्षा विभागातील एक कर्मचारी, पंचवटी

उत्तर: आधी करून ठेवलाच पाहिजे, ऐन वेळी केलेला साचा चुकीचाच होतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे प्रमुख स्नाने असतील, आणि त्या दिवसांत पंचवटी, रामकुंड परिसर आणि त्र्यंबक रस्त्यावरून परीक्षेला येणे विद्यार्थ्यांना अवघड जाईल. मुख्यालय नाशिकला असलेल्या विद्यापीठाची सूचना गडचिरोली किंवा सिंधुदुर्गच्या विद्यार्थ्यालाही दिसते, त्यामुळे ‘सर्व परीक्षा पुढे ढकलल्या’ असा अर्धवट अर्थ कोणी काढू नये यासाठी सूचनेत केंद्र क्रमांक आणि जिल्हा हे रकाने बंधनकारक असावेत.

तातडीच्या सूचनेची पट्टी प्रत्येक पानाच्या माथ्यावर, सर्व साच्यांत एकाच जागी यावी. ती स्थिर असावी, एका वेळी एकच असावी, आणि ती लावण्याचा अधिकार कुलसचिव आणि परीक्षा संचालक किंवा त्यांनी लेखी नेमलेल्या व्यक्तीपुरताच असावा. तिच्यात काय बदलले, कोणाला लागू, केव्हापासून आणि पुढची माहिती कधी मिळेल, एवढेच लिहावे. कारणांचा परिच्छेद खाली सूचनेच्या पानावर जाऊ द्या. पट्टी लावतानाच ती केव्हा उतरेल ते भरावे लागावे, कारण उलटून गेलेली तातडीची सूचना आठवडाभर तशीच राहिली की पुढच्या खऱ्या सूचनेकडे कोणी पाहत नाही. निकालाच्या दिवशी जसे सर्व्हर मंदावतात तसे त्या दिवशीही होऊ शकते. म्हणून चित्रे आणि जोडलेल्या फाइल नसलेले, केवळ मजकुराचे एक हलके पान तयार ठेवावे आणि गर्दी वाढली की मुखपृष्ठाऐवजी तेच दाखवता येईल अशी व्यवस्था करून ठेवावी.

केंद्र बदलाच्या सूचनेत जुन्या केंद्राचे नाव, नव्या केंद्राचे नाव, पूर्ण पत्ता, नकाशाची लिंक आणि केंद्रप्रमुखाचा कार्यालयीन दूरध्वनी क्रमांक हे पाच रकाने रिकामे सोडताच येऊ नयेत. हा साचा पुढच्या नियमित परीक्षेतच एखाद्या किरकोळ केंद्र बदलासाठी वापरून पाहावा, आणि रात्री दहा वाजता घरून, मोबाइलवरून ती पट्टी लावता येते की नाही हे परीक्षा संचालकांकडूनच करवून घ्यावे.